ज्याची गोष्ट, त्याच्याच तोंडून

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात फ्रेंच शिकायला कुणी येत नसे. मार्क मिळवायला येत. अकरावीचा फॉर्म भरताना दुसरी भाषा कोणती घ्यायची, या प्रश्नाला पुण्यात घरोघरी एकच उत्तर असतं, ‘जी स्कोअरिंग असेल ती.’ त्यामुळे दर वर्षी प्रियदर्शनी रामटेकेच्या वर्गात ऐंशी मुलं बसायची, बारावीला भरघोस मार्क घेऊन जायची, आणि वर्षभराने रस्त्यात भेटली की ‘बोंजूर मॅडम’च्या पुढे एक शब्द त्यांना आठवायचा नाही.

मी तिथेच गणित शिकवते. स्टाफरूममध्ये तिचं आणि माझं टेबल पंचवीस वर्षं शेजारी-शेजारी. डबा एकत्र, पेपर तपासणं एकत्र, प्राचार्यांना नावं ठेवणंही एकत्र. तिचं मराठी इतकं स्वच्छ, की तिचे ‘ळ’ आणि ‘ण’ ऐकून सदाशिव पेठेतल्या माणसाने स्वतःचे तपासून घ्यावेत. ती मूळची भंडाऱ्याकडची आहे, वडील भीमराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते, लग्न केलं नाही, आईवडिलांजवळ विश्रांतवाडीला राहते, एवढं मला ठाऊक होतं. यापलीकडे ती स्वतःबद्दल बोलायची नाही.

एकदा मात्र मी विचारलं होतं, “फ्रेंचच का गं घेतलंस?”

ती म्हणाली, “संस्कृत घेतलं असतं तर वर्गातल्या निम्म्या मुलांचे आजोबा घरी श्लोक म्हणणारे. इंग्रजीचं तसंच, कुणाकडे इंग्रजी पेपर यायचा, कुणाचे वडील साहेब. फ्रेंचच्या तासाला मात्र पहिल्या दिवशी सगळेच ठोंबे. कुणाच्याच घरात फ्रेंच नव्हतं. मला वाटलं, इथे सगळे एकाच रेघेवरून पळणार आहेत. इथे मी पळू शकते.”

पळाली. एम.ए.ला विद्यापीठात दुसरी आली आणि आमच्याकडे नोकरीला लागली. वीस वर्षं तिचा निकाल शंभर टक्के लागत होता. सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे काहीच चाललं नव्हतं, असं ती आता म्हणते.

२०१७ च्या पावसाळ्यात एक दिवस ती तासावरून आली आणि डबा न उघडता बसून राहिली. झालं होतं एवढंच, की धडा होता फ्रान्समधल्या खाण्यापिण्याचा. ही फळ्यावर चीजच्या प्रकारांची नावं लिहीत होती. एका प्रकाराला फार उग्र वास येतो, असं तिने सांगितलं. मागच्या बाकावरच्या पुष्करने हात वर केला.

“मॅडम, कसा वास येतो?”

“उग्र.”

“म्हणजे कशासारखा?”

“तसं पुस्तकात लिहिलेलं नाही.”

“तुम्ही खाल्लंय का ते?”

“नाही.”

मुलं हसली. पुष्कर वाह्यात नव्हता, त्याला खरंच वास हवा होता. पण प्रियदर्शनीच्या मनाला ते लागलं. मला म्हणाली, “वीस वर्षं मी ऐकीव सांगतेय गं. मला ज्यांनी शिकवलं त्यांनीही ऐकीवच सांगितलं. दुसऱ्याच्या घरात काय शिजतं ते भिंतीला कान लावून सांगण्यासारखं झालंय हे.”

मी म्हटलं, “पायथागोरसला मी तरी कुठे भेटलेय?”

“तुझ्या त्रिकोणाला वास नसतो,” ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात ती मंडईत भाजी घ्यायला गेली होती. केळीवाल्या बाईंच्या गाळ्यासमोर थोडी गर्दी जमली होती. उंच, काळीसावळी, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली एक मुलगी हातवारे करून काहीतरी मागत होती आणि केळीवाली वैतागली होती.

“पिकलेली दाखवली तर नको म्हणते, हिरवी दाखवली तर मान हलवते. आता निळी कुठनं आणू?”

तेवढ्यात ती मुलगी स्वतःशीच पुटपुटली, आणि प्रियदर्शनीने वळून पाहिलं. ती फ्रेंचमध्ये पुटपुटली होती.

आयुष्यात पहिल्यांदा प्रियदर्शनी परीक्षेच्या खोलीबाहेर, कुणा अनोळखी माणसाशी फ्रेंच बोलली. विचारलं, काय हवंय आपल्याला? मुलीचा चेहरा उजळला आणि तिने जो सपाटा लावला, त्यातलं हिला निम्मं कळलं. हळू बोला, अशी विनंती करावी लागली. कळलं ते असं, की तिला तळायची मोठी, जाड सालीची केळी हवी होती, तिच्या देशात असतात तशी. प्रियदर्शनीला रास्ता पेठेतलं केरळी माणसाचं दुकान आठवलं. ती तिला चालत तिकडे घेऊन गेली. तिथे टांगलेला नेंद्र केळ्यांचा घड पाहून मुलीने चक्क टाळी वाजवली.

तिचं नाव अमेनान. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टची. पुण्यात कॉम्प्युटरची पदवी घ्यायला आली होती आणि कात्रजला तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. निरोप घेताना ती म्हणाली, “मादाम, तुम्ही फार छान बोलता. अगदी पुस्तकासारखं.”

हे मला सांगताना प्रियदर्शनी हसत होती. “मला राग यायला हवा होता ना? पण मला वाटलं, चला, एक खरी परीक्षक भेटली. मी तिला विचारलंय, वर्गात येशील का म्हणून.”

“काय शिकवायला?”

“काही शिकवायचं नाही. तिच्या घरची एखादी गोष्ट सांगायची. मी मध्ये तोंड घालणार नाही.”

अमेनान आली. टेबलावर बसून, पाय हलवत तिने आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आजी समुद्राकडच्या गावची. अंगणात बायका जमून कसाव्याचे कंद किसायच्या, आंबवायच्या, वाफवायच्या आणि त्याचा मोकळा, सांज्यासारखा पदार्थ करायच्या. आंबवण्यासाठी जुन्या कंदाचं विरजण लागायचं आणि आजीचं विरजण गल्लीत नावाजलेलं. मग देशात लढाई पेटली. अमेनान तेव्हा सात वर्षांची. एका सकाळी घर सोडून निघावं लागलं. आईने कागदपत्रं घेतली, काकाने रेडिओ घेतला, आणि आजीने विरजणाचा गोळा फडक्यात बांधून पोटाशी घेतला. तीन दिवस ते चालत होते.

प्रियदर्शनीने मुलांना तीन नियम घालून दिले होते. पहिल्यांदा ऐकताना पेन हातात घ्यायचं नाही, शब्द अडला तर अडू द्यायचा. दुसऱ्यांदा ऐकताना विचारायचं. आणि तिसरा नियम असा, की घरी जाऊन तीच गोष्ट कुणाला तरी मराठीत सांगायची आणि घरचं माणूस जो प्रश्न विचारेल तो दुसऱ्या दिवशी फ्रेंचमध्ये आणायचा.

निम्म्या वर्गाने काहीच केलं नाही. पण पुष्करच्या आजीने एक प्रश्न पाठवला. तिला आधी कळलं, की आपला साबुदाणा त्याच कंदाचा असतो, मग ती म्हणाली, “तीन दिवस उन्हात फडक्यात बांधलेलं विरजण वाळलं कसं नाही? विचार तिला.”

दुसऱ्या दिवशी अमेनान पुन्हा आली तेव्हा पुष्करने अडखळत विचारलं. हे तिला कधी सुचलंच नव्हतं. संध्याकाळी तिने घरी आईला फोन केला आणि दोन दिवसांनी पुन्हा वर्गात आली, न बोलावता. म्हणाली, “आई सांगते, आजीला वाटेत प्यायला जे पाणी मिळायचं त्यातलं अर्धं ती त्या फडक्यावर शिंपडायची. मी तिच्या शेजारून चालत होते, पण मला माहीत नव्हतं. तुझ्या आजीने विचारलं म्हणून कळलं.”

त्या दिवशी प्रियदर्शनी स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि डबा तिने दोन मिनिटांत संपवला.

आणखी काही माणसं तिने शोधली. कोंढव्यात राहणारा, आफ्रिकेतल्या जिबुतीचा एक विद्यार्थी, पाँडिचेरीहून मुलाकडे राहायला आलेल्या एक वृद्ध बाई. दर पंधरा दिवसांनी एक गोष्ट. आणि मग पालकसभा झाली.

एक गृहस्थ उभे राहिले. चांगले शिकलेले, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, “मॅडम, माझ्या मुलीला पॅरिसला शिकायला जायचंय. तिला शुद्ध फ्रेंच हवंय. हे आफ्रिकेतलं वगैरे कशाला?”

प्रियदर्शनी शांतपणे म्हणाली, “अहो, जगात रोज फ्रेंच बोलणारी निम्म्याहून जास्त माणसं आफ्रिकेत राहतात. त्यांच्याशी बोलणार नाही असं आपल्या मुलीकडून लिहून घ्यायचं असेल तर तसा फॉर्म करते. सही मात्र आपण करा.”

सभेत हशा झाला, पण तो गृहस्थांच्या बाजूचा नव्हता, आणि म्हणूनच प्रकरण वाढलं. तक्रार लेखी गेली. उपप्राचार्य श्यामसुंदर सरांनी सगळ्या शिक्षकांची बैठक बोलावली. ते वाईट माणूस नव्हते, पण निकालाच्या तक्त्यापलीकडे त्यांना दिसत नसे. म्हणाले, “रामटेके मॅडम, तुमचा हेतू चांगला आहे. पण बारावीच्या पेपरात आजीचं विरजण येत नाही. पोर्शन पूर्ण झाला पाहिजे. गोष्टी तासाला नकोत.”

मग त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. “कुणाला काही म्हणायचंय?”

मला म्हणायचं होतं. त्या मुलांपैकी पाचसहा जण माझ्याही वर्गात होते. जी कधी तोंड उघडत नसत ती आता गणितातही ‘का’ विचारू लागली होती, हे मी पाहिलं होतं. पण मी खाली बघत बसले. पुढच्या वर्षी माझीच पदोन्नती त्यांच्या हातात होती. प्रियदर्शनीने मला त्यावरून कधी एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

ती भांडली नाही. तासाला पोर्शन शिकवू लागली आणि वर्गात एवढंच सांगितलं, “गोष्टी ऐकायच्या असतील त्यांनी शनिवारी दुपारी चार वाजता विश्रांतवाडीला या. मार्क मिळणार नाहीत.” त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वर एक अभ्यासिका होती. तिथल्या मंडळींनी खोली दिली. ऐंशीपैकी अकरा मुलं आली.

त्या अकरांत सृष्टी होती. हिंजवडीच्या पलीकडच्या माण गावची. रोज दोन बस बदलून यायची. फ्रेंचच्या लेखी परीक्षेत पहिली, पण वर्गात दीड वर्षात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तोंडी परीक्षेत ती इतकी हळू बोलायची, की प्रियदर्शनीला खुर्ची पुढे ओढावी लागायची. आम्हाला वाटायचं, लाजाळू आहे.

प्रियदर्शनीचा जुना विद्यार्थी अभिनव हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करत होता. फ्रान्समधल्या ज्या सहकाऱ्याबरोबर त्याचं काम चालायचं त्याची आई ब्रिटनीत राहायची, म्हणजे फ्रान्सच्या अगदी पश्चिमेच्या टोकाला. नाव अनिक, वय एकोणऐंशी, आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटलेली. ती व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगायला तयार झाली.

त्या शनिवारी मी पण गेले. पालकसभेनंतरच्या बैठकीचं ओझं मनावर होतं. कबुली द्यायला गेले होते, पण दारातच प्रियदर्शनी म्हणाली, “बरी आलीस, बस. अक्षता, मॅडमना फ्रेंच येत नाही, त्यांच्या कानात सांगत जा.” अक्षता नावाची चुणचुणीत मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि मी जन्मात पहिल्यांदा विद्यार्थिनीकडून कॉपी करायला लागले.

पडद्यावर पांढऱ्या केसांची एक काटक म्हातारी आली. मागे स्वयंपाकघर, गॅसवर किटली. तिने आपल्या आईची गोष्ट सांगितली.

आईच्या लहानपणी त्या भागात घरोघरी ब्रेटन भाषा बोलत. फ्रेंच फक्त शाळेत. शाळेत ब्रेटन बोलायला बंदी. कुणी बोललं की मास्तर त्याच्या गळ्यात दोरीने एक जुना लाकडी बूट अडकवत. तो काढायचा एकच उपाय, दुसरं कुणी ब्रेटन बोलताना पकडायचं आणि मास्तरांना सांगायचं. मग बूट त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना तो ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. म्हणजे मुलं दिवसभर एकमेकांवर पाळत ठेवायची. एके दिवशी बूट आईच्या गळ्यात होता. शाळा सुटायच्या थोडं आधी तिचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ धडपडला आणि ब्रेटनमध्ये ओरडला. आईशिवाय कुणी ऐकलं नाही. ती त्याचं नाव सांगू शकली असती.

“तिने सांगितलं नाही,” अनिक म्हणाली. “मार खाल्ला. पण त्या दिवसानंतर तिने ठरवलं, की माझ्या मुलांच्या कानावर ही भाषा पडू द्यायची नाही. आम्ही पाच भावंडं. आईने आम्हाला एक शब्द शिकवला नाही. ती आणि वडील भांडायचे तेव्हाच ब्रेटन ऐकू यायची. मी साठाव्या वर्षी रीतसर वर्गात नाव घालून आईची भाषा शिकले. तोवर आई गेली होती. मला बोलायला कुणी नव्हतं.”

खोलीत पंखा गरगरत होता. खाली कुणीतरी नळ सोडला होता तो ऐकू येत होता. मग सृष्टी मराठीतच बोलली, कुणाकडे न बघता.

“मॅडम, मी पण तसंच करते. घरी आम्ही ‘हाय’, ‘नाय’ म्हणतो. अकरावीत पहिल्या आठवड्यात मी ‘माझं पुस्तक हितं हाय’ म्हणाले, तर मागनं कुणीतरी ‘हाय हाय’ असं ओरडलं. तेव्हापास्नं मी आधी मनात वाक्य तपासते. तपासून होईपर्यंत दुसऱ्याचं बोलून होतं.”

अक्षता माझ्या कानात काही सांगायची थांबली होती. मला अनुवादाची गरज नव्हती.

प्रियदर्शनी खिडकीपाशी उभी होती. म्हणाली, “मी चौथीत असताना आम्ही भंडाऱ्याहून पुण्यात आलो. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही. ‘डोळा’ला आम्ही ‘डोरा’ म्हणतो. बाईंनी मला धडा वाचायला उभं केलं. काळी गाय. मी वाचलं, कारी गाय. सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. मग त्यांनी मला फळ्यापाशी उभं करून ‘काळी, काळी, काळी’ म्हणायला लावलं, तास संपेपर्यंत. घरी गेले आणि आईला म्हणाले, तू माझ्याशी शाळेतल्यासारखं बोल. आईला ते येत नव्हतं. मग ती माझ्याशी कमीच बोलायला लागली.”

वीस वर्षं मी तिचा ‘ळ’ ऐकत होते. तो कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं.

पडद्यावरच्या अनिकला काय चाललंय ते समजेना. तिने विचारलं, मुली काय म्हणतायत? प्रियदर्शनीने सृष्टीकडे पाहिलं. “तूच सांग.”

सृष्टी उभी राहिली. तोडकंमोडकं, क्रियापदं चुकवत, मध्येच मराठी शब्द घालत तिने सांगितलं. पहिल्यांदा तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला. दोनदा चुकून ती थांबली, तेव्हा अनिक पुढे झुकून म्हणाली, “मुली, चुका राहू देत. चुका मास्तरांसाठी असतात. मला पुढचं सांग.”

खाली उतरताना, बैठकीत मी का गप्प बसले ते प्रियदर्शनीला सांगून टाकलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं तू बोलणार नाहीस. पुढच्या शनिवारी ये. चहाचं सामान घेऊन ये.” मी तेव्हापासून जाते.

त्या वर्षीचा निकाल आधीच्या वर्षांहून थोडा घसरला. हे लपवण्यात अर्थ नाही. श्यामसुंदर सरांनी तक्ता दाखवला, तिने पाहिला आणि “हो” म्हणाली. पण जी अकरा मुलं शनिवारी यायची त्यांतल्या सात जणांनी पुढे फ्रेंच सोडलं नाही. आधीच्या वीस वर्षांत मिळून असे नऊ जण झाले होते. हा हिशेब मी केलाय, मी गणितवाली आहे.

टाळेबंदीत विहार बंद झाला, आणि वर्ग उलट वाढला. पडद्यावर माणसं कुठूनही येऊ शकत होती. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरचा एक मासेमार चक्रीवादळात छप्पर कसं बांधून ठेवतात ते सांगून गेला. कॅनडातल्या एका शिक्षिकेने बर्फात हरवलेल्या शाळेच्या बसची गोष्ट सांगितली. प्रियदर्शनीचा एक दंडक होता. प्रत्येक गोष्ट ती शब्दन् शब्द उतरवून काढायची आणि सांगणाऱ्याला परत वाचून दाखवायची. तो ‘बरोबर’ म्हणाला तरच ती गोष्ट पुढच्या वर्गांत वापरायची. एखाद्याने पुढे ‘नको, मागे घ्या’ म्हटलं तर मागे. दोन गोष्टी तिने अशा फाडून टाकल्या, त्यातली एक फार सुंदर होती.

एका प्रकाशकाला हे कळलं. त्याला पाठ्यपुस्तक करायचं होतं. तो म्हणाला, “मॅडम, थोडं सोपं करू. अमेनानऐवजी मारी करू, कसावाऐवजी पाव करू. मुलांना ओळखीचं वाटेल.”

प्रियदर्शनीने विचारलं, “आपल्या आजींचं नाव काय?”

“रखमाबाई. का?”

“छापताना मार्गारेट करू?”

ते पुस्तक झालं नाही. तिने एकेचाळीस गोष्टी झेरॉक्सच्या दुकानात नेऊन बांधून घेतल्या. प्रत्येक गोष्टीवर सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि सांगितल्याची तारीख. आता नाशिक, कोल्हापूर, गोवा इथले शिक्षक ती वही मागवतात. त्यांना ती एकच अट घालते, की त्यांच्या गावातला एखादा बोलणारा शोधून बेचाळिसावी गोष्ट त्यांनी पाठवायची. बहुतेक जण पाठवत नाहीत. तरी वही आता साठीच्या पुढे गेली आहे.

२०२३ च्या मे महिन्यात ती फ्रान्सला गेली, अठरा दिवस. अनिकच्या गावातल्या वाचनालयाने बोलावलं होतं. पॅरिस फक्त विमान बदलताना पाहिलं. वाचनालयात अनिकने तिला पंचवीसतीस म्हाताऱ्यांसमोर बसवलं आणि म्हणाली, आता तू सांग, आम्ही ऐकतो. प्रियदर्शनीने आपल्या आईची, नंदाबाईंची गोष्ट सांगितली. पुण्यात आल्यावर नंदाबाई वस्तीत सगळ्यांना आपली झाडीबोलीतली गाणी म्हणून दाखवायच्या, फक्त मुलगी शाळेतून यायच्या वेळेला थांबायच्या. परत आल्यावर प्रियदर्शनी आईजवळ बसली आणि म्हणाली, “आई, ते रोवन्याचं गानं मन ना.” म्हणजे भाताच्या लावणीचं. ‘गाणं’ नाही, ‘म्हण’ नाही. नंदाबाई तेव्हा पंचाऐंशीच्या. त्यांनी आधी लेकीच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, मग गाणं म्हटलं. हे मला नंदाबाईंनीच सांगितलं.

सृष्टी आता हिंजवडीत एका कंपनीत फ्रेंच ग्राहकांचं काम पाहते. घरापासून चार किलोमीटर, आणि सकाळच्या गर्दीत बसने पाऊण तास. शनिवारी ती वर्ग घेते, प्रियदर्शनी मागे बसते. अनिकच्या नातीने, जी तिथल्या शाळेत शिकवते, एक दिवस विचारलं, आमच्या मुलांना तुमच्याकडची गोष्ट कोण सांगेल? आम्हाला ती पुस्तकातली हत्ती-वाघांची नको.

म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही माणला सृष्टीच्या घरी जमलो. ओट्यावर लॅपटॉप. समोर तिची आजी मुक्ताई, वय अठ्ठ्याहत्तर, नऊवारी, हातात तपकिरीची डबी. पडद्यावर ब्रिटनीतली दहा-अकरा वर्षांची वीसेक मुलं. मुक्ताई बोलायची, सृष्टी फ्रेंच करायची.

“आमच्या भाताच्या खाचरात एक दिस साहेब लोक आलं आन् पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारून गेलं. माझी सासू म्हणली, बैलांच्या शर्यती ठेवल्यात जनू. आमी दोन दिस वाट बघितली. बैल काय आलं नायत. रस्ता आला.”

मुलं ऐकत होती. रस्ता आल्यावर काय झालं, भात कुठे गेला, सासू काय म्हणाली, असे प्रश्न आले. मुक्ताईने सगळ्यांची उत्तरं दिली आणि मग डबी मिटून म्हणाली, “मी येवढं बोलले. आता त्यांच्यातल्या कुनीतरी सांगायचं. फुकट ऐकून जायचं व्हय?”

सृष्टीने ते सांगितलं. तिकडे कुजबुज झाली. मग लेना नावाची एक चष्मेवाली मुलगी पुढे आली. तिच्या आजोबांच्या शेतातूनही रस्ता काढला होता. पण आजोबांच्या बदकांना ते मान्य नव्हतं. ती रोज सकाळी त्याच जागी, रांगेने रस्ता ओलांडून तळ्यावर जायची आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबून राहायच्या.

मुक्ताई पुढे सरकली. “आन् गाडीवालं शिव्या द्यायचं का?”

सृष्टी अडली. तिने मागे पाहिलं. प्रियदर्शनी भिंतीला टेकून बसली होती, म्हणाली, “विचार की. आजीचा प्रश्न आहे.”

सृष्टीने विचारलं. मुलं खदखदली. लेना म्हणाली, गाडीवाले नाही, आजोबाच गाडीवाल्यांना द्यायचे, ब्रेटनमध्ये.

“कोनती?” मुक्ताईने विचारलं.

लेनाने आपल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं. मग लेनाने कॅमेऱ्याजवळ येऊन ती शिवी हळूच, स्पष्ट उच्चारात दिली. मुक्ताईने डोळे मिटून ऐकली, एकदा स्वतः म्हणून बघितली आणि म्हणाली, “चांगली हाय. आता म्हातारा काय करतो, त्ये सांग.”